'भायलो', 'उपरी' आणि फिर्गज

म्हापशाच्या एका वाचकाने विचारलंय : बायबलमधल्या परक्याला नेमका मराठी शब्द कोणता? परका, उपरी की परदेशी? गोव्यात ज्याला 'भायलो' म्हणतात तो हाच का? सोबत एक तक्रार आहे. त्यांच्या परिचयातले कुणी ठासून सांगतात की शास्त्रातला परका म्हणजे रीतसर परवानगी काढून आलेला. बाकीचे घुसखोर, त्यांना 'परक्यावर प्रीती करा' ही आज्ञा लागू नाही.

आधी हा 'घुसखोर' बाजूला काढू, कारण तो ऐकून ऐकून कान किटलेत. 'खोर' हा फारसी प्रत्यय, अर्थ 'खाणारा'. लाचखोर, हरामखोर यांत तो अजून खातो आहे. मराठीत मुरल्यावर तो स्वभाव दाखवू लागला : भांडखोर, चुगलखोर. म्हणजे घुसखोर म्हटलं की माणसाने एकदा काय केलं एवढंच सांगून होत नाही, ती त्याची जातच ठरते. विजापूरहून मडगावात सेंट्रिंगच्या कामाला आलेल्या गड्याला हा शब्द लावणाऱ्याने घटनेचं 19वं कलम उघडावं. देशात कुठेही राहायचा आणि वस्ती करायचा हक्क तिथे लिहिलेला आहे.

'भायलो' साधा आहे : संस्कृत बहिस्, त्यातून भायर, त्यातून भायलो. मराठीत बाहेरचा. 'घांटी' म्हणजे घाटावरचा. चोर्ला किंवा अनमोड उतरून आला एवढाच मूळ अर्थ. शिवी त्यात आपण भरली.

आता 'उपरी'. हा शब्द मला फार मोलाचा वाटतो आणि 'उपरा' म्हणून त्याची जी रया गेली त्याचं वाईट वाटतं. पेशवाईच्या कागदांत गावातले शेतकरी दोन प्रकारचे : मिरासदार आणि उपरी. मिरासदाराची जमीन पिढीजात, तो ती विकू शकतो, गावाच्या मानपानात त्याला जागा. उपरी दुसरीकडून आलेला. कौलावर जमीन कसतो, सारा भरतो, गावात राहतो, पण वतन नाही. गोव्याच्या गावकारीत, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीच्या जुन्या व्यवस्थेतही हीच रेघ दिसते : 'जोण', गावाच्या उत्पन्नातला वाटा, मिळते ती गावकाराच्या पुरुष वारसांना, बाकीच्यांनी त्याच गावात पिढ्या काढल्या तरी नाही.

हिब्रूतला 'गेर' हुबेहूब हा उपरी आहे. 'गूर' म्हणजे बिऱ्हाड करून राहणं, त्यावरून गेर. वाटसरू नव्हे, गावात राहणारा, पण वतन नसलेला. त्याला काय द्यायचं ते मोजून सांगितलंय : शेताच्या कडेचं पीक त्याच्यासाठी कापायचं नाही, गळालेलं वेचायचं नाही, शब्बाथाची सुट्टी त्यालाही, दर तिसऱ्या वर्षीच्या दशमांशात वाटा, आणि मजुरी सूर्य मावळायच्या आत हातात. कारणही जोडलंय : तुम्हीही मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, गेरच होता. यात परवाना कुठे आला? धातूत नाही, नियमांत नाही. उलट बायबलमधलं 'अनुवाद' हे पुस्तक (23:15-16) सांगतं, मालकाकडून पळून आलेल्या दासाला परत करू नका. तो म्हणेल त्या गावात त्याला राहू द्या. 'गेर म्हणजे कागदपत्रंवाला' असं लिहिणारे काही अभ्यासक आहेत. त्यांनी आजच्या विमानतळावरची खिडकी उचलून तीन हजार वर्षं मागे नेऊन ठेवली आहे.

त्यांचा दुसरा मुद्दा जरा वजनाचा. हिब्रूत 'नोख्री' असा वेगळा शब्द आहे, खरा परदेशी, आणि त्याच्याकडून व्याज घ्यायला मुभा आहे. बरोबर आहे. पण मग रूथचं काय करायचं? मवाबातून आलेली ही विधवा बवाजाच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीत गळालेलं धान्य, वेचते आणि रूथ 2:10 मध्ये स्वतःला नोख्रीच म्हणवते, गेर नव्हे. तरी तिला सरवा मिळतो, पुढे घर मिळतं, दाविदाची ती पणजी होते आणि मत्तयाने येशूच्या वंशावळीत तिचं नाव घातलंय. त्या वाक्यात 'दखल घेणं' आणि 'नोख्री' यांची अक्षरं एकच, न-ख-र. इंग्रजी अनुवादात हा खेळ पार विरून जातो. मराठीत मात्र तो जसाच्या तसा उतरतो : मी अनोळखी असताना तुम्ही मला ओळख दिलीत.

पण खरी मौज ग्रीकमध्ये आहे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात गेरला काही ठिकाणी 'पारोइकोस' म्हटलंय : पारा म्हणजे बाजूला, ओइकोस म्हणजे घर. घराशेजारी राहणारा, घरातला नसलेला. हा ओइकोस आणि आपला 'विश्' धातू सख्खे भाऊ. प्रवेश, निवेश, वैश्य आणि संस्कृतातला शेजारी 'प्रतिवेशी' सगळे त्याच घरातले. गावाची 'वेस'ही मी त्यातच धरतो, कुणी कितीही नाकं मुरडोत. पारोइकोसवरून 'पारोइकिया', उपऱ्यांची वस्ती. पहिल्या शतकाच्या अखेरीला रोमच्या मंडळीने करिंथच्या मंडळीला पत्र लिहिलं, त्यात दोघींसाठी हेच क्रियापद आहे : रोमात उपरी राहणारी, करिंथात उपरी राहणारी. पारोइकियाचं लॅटिनमध्ये 'पारोकिया' झालं, तेच पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आलं, इंग्रजीत पॅरिश झालं : एका चर्चखालची वस्ती. म्हणजे जिचा दाखला दाखवून माणूस 'मी इथला' म्हणतो, त्या पॅरिशचा अर्थच 'आम्ही इथले नव्हे' असा आहे.

गोव्यात रोजचा शब्द अर्थात 'फिर्गज'. तो पोर्तुगीज 'फ्रेगेझिया'वरून, आणि त्यातला 'फ्रेगेश' मुळात 'फिलिउस एक्लेसिए', चर्चचा लेक. एकाच इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, माणसांना एक शब्द लेक म्हणतो, दुसरा उपरी, आणि दोन्ही खरे. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास गोव्यातल्या गावांनी आपापली 'कूड', म्हणजे सामाईक बिऱ्हाड, थाटली ती बोटीवर चढणाऱ्या, तिथे कुणी नसलेल्या आपल्या उपऱ्यांसाठीच. आज फिर्गजकारांची मुलं लिस्बन, स्विंडन, दुबईत तशीच राहतात. त्या घरांतून 'घांटी' हा शब्द निघतो तेव्हा मला मनापासून दुःख होतं.

इफिसकरांस 2:19 पुढे करून कुणी म्हणेल की तुम्ही आता परके आणि उपरी नाही असं तिथे लिहिलंय. पुढचा शब्द वाचा : 'ओइकेयोइ', देवाच्या घरचे. घर देवाचं आहे, राष्ट्राचं नव्हे. धर्म आणि वंश एक करायच्या खोडीला पूर्वेकडच्या चर्चने नावसुद्धा दिलंय, 'फिलेटिझम', 'फिले' म्हणजे टोळी यावरून. 1872 साली कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेने तो पाखंड ठरवला. आणि 'आधी आपले, मग बाहेरचे' हा प्रेमाचा क्रम अमेरिकेत मांडला गेला, तेव्हा पोप फ्रान्सिस यांनी 10 फेब्रुवारी 2025च्या पत्रात तिथल्या बिशपांना वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला उचलणाऱ्या चांगल्या शोमरोन्याचा दाखला दिला.

तर मूळ प्रश्न. गेर आणि पारोइकोस यांना उपरी, नोख्रीला अनोळखी किंवा परदेशी. उरला मत्तय 25:35, 'परका होतो तेव्हा तुम्ही मला घरात घेतले'. तिथे ग्रीक शब्द 'क्सेनोस' आहे, आणि तो परका, पाहुणा, यजमान तिन्ही होतो. रोमकरांस 16:23 मध्ये पौलाला घरी ठेवून घेणारा गायसही क्सेनोसच. 'परका' चूक नाही, पण त्यात दार लावलेलं ऐकू येतं. घाटावर वेशीपाशी कुणी अनोळखी माणूस दिसला की विचारतात, "काय पाव्हणं, कुठलं गाव?" नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, तरी पाव्हणं. क्सेनोसला मी तोच शब्द घालीन.