प्रवासीच नसतील तेव्हा हॉटेलवाले खोलीचा दर कसा ठरवतात?

तुमचं म्हणणं असं की २०२० मध्ये गोव्यातली हॉटेलं ओस पडली होती, मग कलंगुटला ५०० रुपयांत एसी खोली का मिळत नव्हती? रिकामी ठेवण्यापेक्षा मिळतील ते पैसे घ्यावेत की!

मी त्या वर्षी तिथल्याच एका चाळीसेक खोल्यांच्या हॉटेलात रिझर्व्हेशन सांभाळत होतो. रोज सकाळी मालकांना विचारायचं, ‘आज काय रेट लावू?’ आणि तो साइटवर चढवायचा, हे माझं काम. मालकही तुमच्यासारखंच म्हणायचे, "खोली म्हणजे मासळी रे. आज खपली नाही तर उद्या टाकायचीच." खरं आहे, आजची रात्र उद्या विकता येत नाही. पण मासळी स्वस्त करून खपते केव्हा, तर गिऱ्हाईक बाजारात आलं असेल तेव्हा.

आधी तुमच्या ५०० रुपयांचा हिशेब करू. पगार, कर्जाचे हप्ते, वीजजोडणीचा स्थिर आकार हे खोली विकली काय न विकली काय, जातातच. ते इथे धरायचे नाहीत. फक्त पाहुणा आल्यामुळे वाढणारा खर्च धरायचा. गोल आकडे घेऊ: चादरी-टॉवेलांची धुलाई १००, दोघांचा नाश्ता १५०, एसी आणि गिझरची वीज १५०, साबण-सॅनिटायझर ५०. झाले ४५०. वर बुकिंग साइटचं कमिशन, समजा २० टक्के. म्हणजे ५०० ला विकली तर हातात ४०० येणार आणि ४५० जाणार. साधारण ५६० च्या खाली गेलात की पाहुणा आणण्यापेक्षा दाराला कुलूप बरं. बऱ्याच जणांनी तेच केलं. आम्ही दोन मजले बंद ठेवले होते.

(कुलपाचाही खर्च असतो बरं का. गोव्याच्या पावसाळ्यात खोली महिनाभर बंद राहिली की गाद्यांना बुरशी आणि पडद्यांना कुबट वास. आमचा एक पोरगा दिवसाआड सगळ्या बंद खोल्यांचे एसी तासभर लावून यायचा. पाहुणा कोणी नाही आणि एसी चालू!)

आता ५६० हा तळ झाला. पण मग आम्ही ७०० ला का नाही विकल्या? खरी गंमत इथे आहे.

एरवी जून-जुलैत आम्ही दर निम्म्यावर आणायचोच. त्याने माणसं यायची, कारण पुण्या-बेळगावची पोरं ‘स्वस्त झालं की जाऊ’ म्हणून टपलेलीच असायची. २०२० मध्ये तसं कोणी टपलेलं नव्हतं. २५ मार्चपासून दोन महिने देशांतर्गत विमानंसुद्धा बंद होती. २ जुलैला गोवा पर्यटकांना उघडला, तोही मंजुरी मिळालेल्या हॉटेलांपुरता. आणि येणाऱ्याकडे ४८ तासांतला निगेटिव्ह दाखला हवा, नाहीतर इथे येऊन चाचणी. ज्याला घराबाहेर पडायचीच भीती वाटतेय, त्याला ३००० ची खोली १५०० ला दिली म्हणून तो निघत नाही. निघालेले जे थोडे असतात ते फक्त शेजारच्या हॉटेलातून तुमच्याकडे येतात. मग शेजारी दर उतरवतो, मग तुम्ही, आणि गिऱ्हाइकं तेवढीच राहतात. अमेरिकेत २००१ च्या हल्ल्यांनंतरच्या मंदीतले हॉटेलांचे आकडे कॉर्नेल विद्यापीठाच्या कॅथी एन्झ आणि लिंडा कनीना यांनी तपासले होते. आसपासच्या हॉटेलांपेक्षा दर खाली ठेवणाऱ्यांच्या खोल्या जास्त भरल्या, पण उपलब्ध खोलीमागचं उत्पन्न, म्हणजे भरलेल्या-रिकाम्या सगळ्या खोल्यांवर वाटून येणारं, मात्र कमीच राहिलं. आम्ही काही तो अभ्यास वाचून दर ठरवत नव्हतो, पण अनुभव तोच.

शिवाय उतरवलेला दर लपत नाही. एजंट आणि कंपन्या पुढच्या सीझनचा करार करायला बसतात तेव्हा यंदाचा स्क्रीनशॉट पुढ्यात ठेवतात. म्हणून सूट द्यायची ती दराच्या आकड्याला हात न लावता. ‘तीन रात्री राहा, दोनचे भरा’. नाश्त्यासोबत रात्रीचं जेवण. लॅपटॉप घेऊन महिनाभर राहणाऱ्याला फोनवरच वेगळा भाव, जो साइटवर दिसतच नाही आणि कमिशनही वाचवतो. माझ्या मते त्या वर्षी सगळ्यात चाललेली सवलत म्हणजे ‘आदल्या दिवशी रद्द केलं तरी पूर्ण पैसे परत’. लोक २० टक्के सूट सोडत होते, पण अडकलेले पैसे नको म्हणत होते. एरवी पैसे परत न देणारा दर स्वस्त म्हणून खपतो. तेव्हा तो कोणी फुकटही घेतला नसता.

मोठ्या हॉटेलांत अजून एक खेळ होता, जीएसटीचा. तेव्हा ७५०० पर्यंत १२ टक्के आणि त्याच्या वर १८. खोली ८००० ला दिली तर पाहुण्याला ९४४० पडायचे. ७४९९ ला दिली तर ८३९९. हॉटेलचं नुकसान ५०१ रुपयांचं, पाहुण्याचा फायदा हजाराच्या वर. उरलेलं सरकारच्या खिशातून! अशी कपात मात्र डोळे मिटून करावी.

मुंबईतल्या काही हॉटेलांचं गणित वेगळंच झालं. परदेशातून परतलेल्यांना विलगीकरणासाठी खोल्या लागत होत्या, म्हणजे सलग अनेक रात्री पक्क्या, जेवणासकट. तिथे दर कमी असला तरी परवडतो, कारण रोज नवं गिऱ्हाईक शोधायचं नसतं. आमच्या वाट्याला ते आलं नाही.

डिसेंबरात परदेशवाऱ्या बंद असल्याने सगळे गोव्यातच उतरले आणि खोल्या मिळेनात. आमच्या शेजारच्याने ऑगस्टमध्ये ९०० चा बोर्ड लावला होता, वर आम्हाला हसलाही होता. नाताळच्या आठवड्यात एक जुना एजंट त्याच्या रिसेप्शनवर मोबाइल पुढे करून तासभर बसून होता. मोबाइलवर त्याच बोर्डाचा फोटो.