आयरिश लग्नात फिडलवर काय वाजवतात? मैत्रिणीच्या लग्नात व्हायोलिन वाजवायचंय

तुम्ही म्हणताय लग्न आयर्लंडमधल्या गॉलवेला आहे, चर्चमध्ये आणि नंतर पार्टीत दोन्हीकडे वाजवायचंय, आणि तुम्ही वेस्टर्न व्हायोलिन शिकलाय. मग अर्धं काम झालंच की, फिडल म्हणजे तेच वाद्य, तारा पण त्याच जी डी ए ई, फरक सगळा बो (गज) चालवण्याचा आणि ठेक्याचा.

चर्चसाठी माझं मत पक्कं आहे, 'गिव्ह मी युवर हँड'. रोरी डॉल नावाच्या अंध हार्पवादकाची, सतराव्या शतकाच्या सुरुवातीची धून. ती लग्नासाठी केलेलीच नाही. सांगतात असं की स्कॉटलंडमध्ये एका उमराव बाईने त्याला नोकराला सांगावं तसं वाजवायला फर्मावलं, हा तडक निघून गेला, पुढे तिने माफी मागितली तेव्हा समेटाची म्हणून त्याने ही रचली. मला तर यामुळेच ती लग्नात जास्त आवडते. दुसरी आयरिश हार्पवादक ओ'कॅरोलनची (१६७०–१७३८) 'शी बेग शी मोर', सोपी आणि शांत. पण यूट्यूबवर गोड वाटली म्हणून कुठलीही स्लो एअर (संथ धून) उचलू नका प्लीज, त्यातल्या बऱ्याच शोकाच्या असतात आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसांना ते लगेच कळतं.

पार्टीत 'हेस्ट टू द वेडिंग' हवीच. अठराव्या शतकापासूनची जिग (नाचाची धून) आहे, इंग्लंड-स्कॉटलंडमध्येही वाजते. जिग म्हणजे दादऱ्यासारखं तीन-तीन मोजायचं, फक्त लय खूप चढी. दोन भाग, प्रत्येकी ८ बारचे (बार म्हणजे ठेक्याचं एक आवर्तन), दोन्ही रिपीट, म्हणजे एक फेरी ३२ बारची, अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की न थांबता पुढची धून. हे न थांबणं फार महत्त्वाचं, कारण 'सीज ऑफ एनिस' नावाचा नाच सुरू झाला की चार-चार जणांच्या रांगा पुढे सरकत राहतात आणि तुम्ही थांबलात की सगळा हॉल अडकतो, म्हणून तीन जिग तरी पाठ ठेवा, 'केश जिग' त्यात घ्याच. 'वॉल्स ऑफ लिमरिक' या नाचाला मात्र रील प्रकारची धून लागते, ती चारच्या ठेक्यात.

व्हिब्रॅटो (स्वर थरथरवणं) जवळजवळ बंद करा, रोलसारखी स्वरांची नक्षी वगैरे नंतर, आधी ठेका बसू दे. आयर्लंडमधल्या ईस्ट क्लेअरच्या मार्टिन हेज या फिडलवादकाला ऐका, घाई न करता धून कशी नाचते ते कळेल. आणि सोबतच्या बँडला आधीच विचारून घ्या, टिन व्हिसल (धातूची छोटी बासरी) वाजवणारा असेल तर ती व्हिसल बहुतेक डी स्वराची असते, त्यामुळे डी आणि जी या पट्ट्यांमधल्याच धून निवडा.