पोस्टग्रेस बदललं आणि मिनिटांना शून्यांची शेपूट आली

प्रश्न: दादा, मी निपाणीकडं ऊस वजनकाट्याचं सॉफ्टवेअर बघतो. पोस्टग्रेस (आमचा डेटाबेस) १३ वरनं १४ वर गेलो आणि गाडी किती मिनिटं थांबली ते काढणारं आमचं फंक्शन ४५ च्या जागी ४५.०००००००००००००००० द्यायला लागलंय, पावतीवर पण तसंच छापतंय, शेतकरी विचारायलेत हे काय म्हणून. व्ह्यूमधनं (डेटाबेसात साठवलेल्या क्वेरीतनं) मात्र बरोबर येतंय. काय करू सांगा की!

उत्तर: घाबरू नका, डेटा शाबूत आहे. वेळेतनं सेकंद वगैरे भाग काढणारं एक्स्ट्रॅक्ट १४ पासनं डबल प्रिसिजनऐवजी (शेवटची शून्यं न दाखवणारा आकड्याचा प्रकार) न्यूमेरिक (ठरलेले दशांश दाखवणारा प्रकार) देतं, म्हणून इपॉकचे, म्हणजे एकूण वेळेचे, सेकंद सहा दशांशांसकट येतात आणि मिनिटांसाठी ६० नं भागलं की शून्यं अजून वाढतात. व्ह्यू का वाचला? जुन्या व्हर्जननं त्यात एक्स्ट्रॅक्टचं आतल्या आत डेट-पार्ट (तेच काम करणारं जुनं फंक्शन) करून ठेवलेलं, आणि डेट-पार्ट अजून डबलच देतं. फंक्शनचा कोड मात्र साध्या मजकुरासारखा जसाच्या तसा राहतो, तो नव्या नियमानं चालला. तुम्ही पण डेट-पार्ट लिहू शकता, पण मला विचाराल तर फ्लोअर (दशांश सोडून खालचा पूर्ण आकडा घेणारं फंक्शन) लावून इंटिजर (पूर्णांक) करा, कारण नुसतं इंटिजर केलं तर ४५.६ चे ४६ होतात आणि शेतकऱ्याच्या पावतीवर पुरी झालेली मिनिटंच यायला पाहिजेत.