वाचकांचे प्रश्न : छोट्या प्रवाळ-टाकीची उपकरणे आणि कॅल्शियमचे गणित

प्रश्न : 90 लिटरच्या टाकीत सुरुवातीला मऊ आणि पुढे काही कठीण प्रवाळ ठेवण्याचा विचार आहे. खर्चाला मर्यादा आहे. प्रोटीन स्किमर (फेसाच्या साहाय्याने पाण्यातील सेंद्रिय घाण काढणारे यंत्र), कॅल्शियम रिअ‍ॅक्टर आणि भारी एलईडी दिवा यांपैकी आधी काय घ्यावे?

उत्तर : या तिन्हींच्या आधी शुद्ध पाण्यासाठी आरओ-डीआय यंत्र, चांगला रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजणारे उपकरण) आणि उडून गेलेले पाणी आपोआप भरून काढणारा ऑटो टॉप-ऑफ घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दगड आणि वाळू घातल्यावर 90 लिटरच्या टाकीत प्रत्यक्ष पाणी साधारण 75 लिटरच उरते. त्यातून रोज एक लिटर पाण्याची वाफ होत असेल आणि तीन दिवस ते भरायचे राहिले, तर 35 (म्हणजे एक किलो पाण्यात 35 ग्रॅम क्षार) असलेली क्षारता साडेछत्तिसाच्या आसपास जाते, कारण पाणी उडते, मीठ मात्र टाकीतच राहते. मोठ्या टाकीत हा फरक जाणवत नाही. छोट्या टाकीत प्रवाळ मिटून बसतात. म्हणूनच भरीचे पाणी नेहमी गोडे आणि शुद्ध हवे. नळाच्या पाण्यातील फॉस्फेटमुळे शेवाळ तर माजतेच, शिवाय प्रवाळांच्या सांगाड्याची वाढही मंदावते. आणि तांब्याचा अगदी थोडा अंशसुद्धा अपृष्ठवंशीय प्राण्यांना घातक ठरतो.

रिफ्रॅक्टोमीटर केवळ शुद्ध पाण्यावर शून्य दाखवतो म्हणून बिनचूक आहे, असे समजू नये. तो 35 क्षारतेच्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्यावा, कारण आपल्याला अचूकता हवी असते ती त्याच टोकाला. काटा वर-खाली होणाऱ्या स्वस्त हायड्रोमीटरच्या काट्याला हवेचे बारीक बुडबुडे चिकटतात आणि क्षारता आहे त्यापेक्षा जास्त दिसते. पुढच्या प्रश्नाचे मूळ मला नेमके इथेच दिसते.

बाकीच्या वस्तूंचे थोडक्यात सांगतो. 100 वॉटचा हीटर पुरेल. तापमान 25 ते 26 अंश सेल्सिअसवर स्थिर राहावे. पाणी ताशी साधारण वीस पट फिरेल असा वेव्हमेकर घ्यावा आणि त्याचा झोत थेट प्रवाळावर येऊ देऊ नये. मश्रूम आणि झोअँथस या मऊ प्रवाळांना मध्यम प्रकाश पुरतो. अक्रोपोरासारख्या कठीण प्रवाळांना मात्र खरोखर चांगला दिवा लागतो, त्यामुळे पुढे त्या ठेवायच्या असतील तर दिव्यात काटकसर करू नये. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलणार असाल आणि मासे मोजकेच असतील, तर स्किमर नंतर घेतला तरी चालतो. कॅल्शियम रिअ‍ॅक्टरचा विचार सोडून द्यावा. त्यात कार्बन डायऑक्साइडने पाणी आम्लधर्मी करून अरागोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटचे खनिज) विरघळवले जाते आणि ते पाणी टाकीत सोडले जाते. 75 लिटर पाण्यात त्याची मात्रा साधणे कठीण जाते आणि थोडा वायू जास्त गेला तरी पीएच खाली येतो. त्या पैशांत कॅल्शियम, अल्कलिनिटी (पाण्यातील कार्बोनेट-बायकार्बोनेटचे प्रमाण) आणि मॅग्नेशियम यांचे चाचणीसंच घ्यावेत.

प्रश्न : माझ्या टाकीत 75 लिटर पाणी आहे. मी कॅल्शियमचे आणि अल्कलिनिटीचे अशी दोन्ही द्रावणे रोज घालतो, तरी कॅल्शियम 360 मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर जात नाही. अल्कलिनिटी 12 डीकेएच (अल्कलिनिटीचे एकक) आणि मॅग्नेशियम 1,100 आहे. हीटरवर पांढरा थर चढला आहे. हायड्रोमीटर 1.026 सापेक्ष घनता, म्हणजे सुमारे 35 क्षारता, दाखवतो. कॅल्शियमची मात्रा दुप्पट करावी का?

उत्तर : तूर्त कोणतीही मात्रा वाढवू नये, उलट अल्कलिनिटीचे द्रावण आजच थांबवावे. आपण पाठवलेले आकडे एकमेकांशेजारी मांडून पाहा. समुद्राच्या पाण्यात 35 क्षारतेला कॅल्शियम सुमारे 420 आणि मॅग्नेशियम सुमारे 1,300 असते. तेच पाणी 30 क्षारतेपर्यंत पातळ केले, तर कॅल्शियम 360 आणि मॅग्नेशियम 1,100 च्या थोडे वर येते. आपले दोन्ही आकडे एकाच प्रमाणात कमी आहेत, हा योगायोग वाटत नाही. हायड्रोमीटर काहीही सांगत असला, तरी आपले पाणी बहुधा अळणी आहे. प्रमाणित द्रावणावर जुळवलेल्या रिफ्रॅक्टोमीटरने क्षारता पुन्हा मोजावी आणि ती खरोखर 30 निघाली, तर भरीसाठी काही दिवस गोड्या पाण्याऐवजी मिठाचे पाणी वापरून ती हळूहळू 35 वर आणावी. दिवसाला एकाहून अधिक अंशाने वाढवू नये. तेवढ्याने कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या दोहोंचीही बरीचशी तूट भरून निघेल.

हीटरवरच्या थराचे कारण वेगळे आहे. प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतात आणि त्यासाठी पाण्यातून कॅल्शियम व कार्बोनेट ठरावीक प्रमाणातच उचलतात : अल्कलिनिटी 1 डीकेएचने उतरते, तेव्हा कॅल्शियम प्रतिलिटर सुमारे 7 मिलिग्रॅमने उतरते. मात्र अल्कलिनिटी 12 पर्यंत चढलेली असेल, तर हेच कॅल्शियम कार्बोनेट प्रवाळाविना, आपोआप, साक्याच्या रूपाने बाहेर पडू लागते. तापलेल्या पाण्यात ते आणखी कमी विरघळते, म्हणून पहिला थर हीटरच्या नळीवर बसतो आणि मग पंपाच्या पात्यांवर. मॅग्नेशियम या स्फटिकांच्या वाढीला अटकाव करते. ते कमी असले की साका अधिक सहज बसतो. म्हणजे आपण रोज घालत असलेल्या कॅल्शियमचा काही भाग प्रवाळांपर्यंत पोहोचतच नाही, तो हीटरवर जमतो. हीटर बंद करून पूर्ण थंड झाल्यावर बाहेर काढावा आणि पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजत ठेवावा. थर फेसाळत निघून जाईल. धुऊनच परत लावावा.

अल्कलिनिटी आपोआप 8 ते 9 वर उतरू द्यावी. त्यानंतरही कॅल्शियम कमीच भरले, तर तेवढीच तूट कॅल्शियम क्लोराइडने भरून काढावी. 75 लिटर पाण्यात प्रतिलिटर 40 मिलिग्रॅमची वाढ म्हणजे 3 ग्रॅम कॅल्शियम, आणि त्यासाठी डायहायड्रेट स्वरूपातील कॅल्शियम क्लोराइड सुमारे 11 ग्रॅम लागते. ते शुद्ध पाण्यात विरघळवताना पाणी चांगलेच तापते, म्हणून गार झाल्यावर, जोरदार प्रवाहाच्या जागी, दोन दिवसांत विभागून घालावे. अल्कलिनिटीसाठी खाण्याचा सोडा वापरत असाल, तर 75 लिटरला 1 डीकेएच वाढवायला सव्वादोन ग्रॅम पुरतो. दोन्ही द्रावणे एका वेळी, एका जागी कधीही ओतू नयेत. ओतली की पाणी तिथल्या तिथे दुधाळ होते.

रोजची मात्रा ठरवण्यासाठी काही दिवस काहीही न घालता रोज एकाच वेळी अल्कलिनिटी मोजावी. कॅल्शियमच्या चाचणीत गुलाबी रंग जांभळट होत निळ्यावर स्थिरावतो, तो क्षण ओळखण्यात एखाद्या थेंबाची चूक कुणाचीही होते, आणि 420 मधले 7 मिलिग्रॅम त्या चुकीत सहज हरवतात. अल्कलिनिटी मात्र 8 वरून 7 झाली, तर ती घट लपत नाही. म्हणून अल्कलिनिटीच्या घटीवरून मात्रा ठरवावी, कॅल्शियमचे द्रावण त्याच प्रमाणात घालावे आणि कॅल्शियम आठवड्यातून एकदा पडताळून पाहावे.

प्रश्न : तळाशी अरागोनाइटची वाळू असेल तर वेगळे कॅल्शियम लागत नाही, हे खरे आहे का? चुन्याची निवळी वापरणे सुरक्षित आहे का?

उत्तर : पहिले खरे नाही. 8.2 पीएचच्या समुद्रजलात अरागोनाइटचे घटक आधीच संपृक्ततेपेक्षा अधिक विरघळलेले असतात, त्यामुळे वाळू विरघळत नाही; वाळूच्या खोल थरांत पीएच उतरल्यावर जे थोडेसे सुटते, ते कठीण प्रवाळांना पुरणारे नसते. केवळ मऊ प्रवाळ असतील, तर नियमित पाणीबदलानेच त्यांची गरज भागते.

चुन्याची निवळी छोट्या टाकीला चांगली, कारण ती कॅल्शियम आणि अल्कलिनिटी योग्य प्रमाणातच देते. मात्र 75 लिटरमध्ये एक लिटर संपृक्त निवळी म्हणजे सुमारे 1.5 डीकेएच आणि प्रतिलिटर 11 मिलिग्रॅम कॅल्शियमची भर, म्हणून टाकीची खरी गरज मोजूनच प्रमाण ठरवावे. तिचा पीएच 12 च्या वर असतो. हातमोजे आणि चष्मा वापरावा, मुलांपासून ती दूर ठेवावी. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड झाकणाच्या भांड्यात कालवून गाळ खाली बसू द्यावा, कारण उघडी राहिल्यास ती हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषते, वर साय धरते आणि तिचा जोर कमी होतो. वरचे नितळ पाणी तेवढे घ्यावे आणि भरीच्या पाण्याच्या जागी, टाकीचा पीएच एरवी उतरलेला असतो त्या रात्रीच्या वेळी, थेंबाथेंबाने सोडावे. टाकीचा पीएच 8.5 च्या वर जाऊ लागला, तर थेंब लगेच थांबवावेत.