दीड वर्षाचा लॅब्रॅडॉर घरात हाक मारली की येतो, मैदानात सोडला की येतच नाही. काय करावं?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की तो उशिरा आला की एक चापट देता. ती आधी बंद करा. मघाशी पळालो म्हणून आत्ता हे पडतंय असा हिशोब कुत्रं लावत नाही, मालकाजवळ गेलो आणि मार बसला एवढंच त्याच्या डोक्यात राहतं, मग पुढच्या वेळी का येईल ते?

यावरून आमच्या घरात भांडणं झालीत म्हणून लांबलचक लिहितोय. आम्ही लातूरकडचे, घरी पहिल्यापासून कारवान कुत्री. नजरेवर पळणारी जात, लांब कुठं काही हललं की सुटली. आमच्या चुलत्यांचं, अण्णांचं ठाम मत की कारवान हाकेला येत नसतं, परत आलं की दोन काठ्या हाणायच्या म्हणजे वचक राहतो. त्यांची कुत्री हाताला लागायचीच नाहीत, धरायला गेलं की परत पळायची, आणि अण्णा म्हणायचे जातच तशी! माझी कुत्री हरणी, तिला मी काठी लागू दिली नाही. आधी अंगणात, मग बांधावर, मग रानात, छातीच्या पट्ट्याला बैलाचा लांब कासरा बांधून शिकवलं. शिट्टी एकदाच वाजवायची, तिने बघितलं की आपण उलट्या दिशेला पळायचं, आली की उकडलेल्या कलेजीचा तुकडा आणि लगेच परत मोकळी. हे परत मोकळं सोडणं कुणी करत नाही, बोलावतात ते साखळी लावायला नाहीतर अंघोळीला.

ज्वारीच्या काढणीला कडब्याच्या पेंढ्यांमागून ससा उठला, अण्णांची दोन्ही कुत्री गेली, हरणीने कान टवकारले, मान ताणली आणि तेवढ्यात मी शिट्टी मारली. तेव्हाच मारायची, एकदा चौखूर सुटली की शिट्टी वाया जाते. ती वळली आणि थेट माझ्याकडे आली. अण्णांची कुत्री संध्याकाळी लंगडत घरी. तरी अण्णा आजही म्हणतात ससा लांब होता म्हणून आली. नव्हता लांब, काढणीला आलेल्या सगळ्यांनी बघितलंय. आणि ससा मारणं 1972च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, म्हणजे शिकारी जातीला तर हे शिकवायलाच पाहिजे.

तुमचं काम सोपं आहे, लॅब खाण्यासाठी काहीही करतो. जेवणाआधी न्या, हाक दहा वेळा मारून तिची किंमत घालवलेली असेल तर नवी शिट्टी घ्या. हे वय जरा आडमुठं असतं, त्यामुळे आठवड्यात फरक दिसणार नाही. जेवढी कलेजी द्याल तेवढं जेवण कमी करा, लॅब पटकन जाड होतात. आणि रस्त्याच्या कडेला कितीही शिकलेलं कुत्रं असलं तरी मोकळं सोडू नका. काठीचा सल्ला देणारे मैदानात भेटतीलच, त्यांना म्हणावं आधी तुमचं कुत्रं एकदा बोलावून दाखवा.