भोपळ्याआधी शलगम होता

प्रश्न : २०२४ साली ऐन नरक चतुर्दशीच्या संध्याकाळी, म्हणजे ३१ ऑक्टोबरला, आमच्या अपार्टमेंटमधील मुले भुतांचे मुखवटे लावून दारोदार चॉकलेटे मागत फिरली. सासूबाई म्हणाल्या, "दिवाळीत ही अमेरिकेची सर्वपित्री कसली?" हॅलोविन खरोखरच अमेरिकेचा सण आहे का आणि सर्वपित्रीशी त्याचे काही नाते आहे का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : पितरांचा विषय सासूबाईंनी अचूक ओळखला, देश मात्र चुकला. या सणाचे मूळ आयर्लंड-स्कॉटलंडकडील केल्टिक लोकांच्या 'साविन' सणात शोधले जाते. सुगी आटोपून हिवाळा तोंडावर आला आणि गुरे कुरणांवरून खाली आणली, की त्या रात्री मेलेल्यांची जिवंतांच्या जगात ये-जा सुरू होते, असा समज होता. अर्थात हे वर्णन पुष्कळसे ख्रिस्ती मठांतील नंतरच्या हस्तलिखितांतून आलेले असल्याने 'दोन हजार वर्षांची अखंड परंपरा' हा दावा जपूनच घ्यावा. पुढे चर्चने १ नोव्हेंबर सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर सर्व मृतात्म्यांचा दिवस ठरवला. हॅलोविन म्हणजे संतदिनाची आदली संध्याकाळ. त्या दिवसांत इंग्लंडातील गरीब लोक दारोदार जाऊन घरच्या मृतांसाठी प्रार्थना करीत आणि त्याबद्दल त्यांना लहानसा गोड केक मिळे. आपल्याकडील मुलांच्या चॉकलेटांचा एक धागा तिथवर जात असावा.

हॅलोविनला कोरतात तो भोपळा मात्र बराच उशिरा आला. आयर्लंडमध्ये शलगमाचा कंद कोरून त्यात दिवा ठेवीत. तेथील राष्ट्रीय संग्रहालयात डोनेगल परगण्यातील अशा एका शलगमाची प्रतिकृती आहे; तिचे खोल गेलेले डोळे आणि विचकलेले दात पाहिले, की आजचा हसरा भोपळा अगदीच सोज्वळ वाटतो. १८४५ पासून बटाट्यावरील रोगामुळे दुष्काळ पडला, लाखो आयरिश लोक अमेरिकेत गेले आणि तेथे त्यांना आकाराने मोठा, कोरायला सोपा असा भोपळा मुबलक मिळाला. 'खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू' ही मुलांची धमकी तर विसाव्या शतकातील असून १९२० च्या दशकातील कॅनडाच्या वृत्तपत्रांत ती दिसते. दुसऱ्या महायुद्धातील साखरेचे रेशनिंग संपल्यावर मिठाईच्या कंपन्यांनी ती चाल उचलून धरली.

सर्वपित्रीशी याचे वंशाचे नाते नाही. साम्य आहे ते मनोवृत्तीचे. आपण कावळ्यासाठी घास ठेवतो, तसे काही आयरिश घरांतही त्या रात्री मृतांसाठी अन्न काढून ठेवीत. सर्वपित्री तिथीने येत असल्यामुळे तिची तारीख सरकते, २०२३ मध्ये १४ ऑक्टोबर तर २०२५ मध्ये २१ सप्टेंबर. हॅलोविन ३१ ऑक्टोबरला पक्का बांधलेला आहे. म्हणूनच २०२४ मध्ये त्याची गाठ नरक चतुर्दशीशी पडली. त्या पहाटे ज्या घरांत अभ्यंगस्नानानंतर डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडले गेले, त्यांपैकी एखाद्या घरात संध्याकाळी भोपळाही कोरला गेला असेल. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही दोन्ही फळे एकाच कुळातील आहेत, हे सासूबाईंना अवश्य सांगावे.