दरवाजाच भंगारात काढला, आता काय करू?

या वेळी पत्रं सगळी डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्यांची आलीयत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते, टेबलाभोवती चारपाच जण बसतात, एक जण जग आणि गोष्ट चालवतो तो डीएम (डन्जन मास्टर), बाकीचे आपापलं कॅरेक्टर घेऊन त्यात काय वाट्टेल ते करतात, आणि जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. सगळी भानगड त्या 'काय वाट्टेल ते' मध्येच आहे.

प्रश्न : ताई, मी पुण्यात आमच्या ग्रुपचा डीएम आहे. महिनाभर खपून एका जुन्या देवळाचं ॲडव्हेंचर लिहिलं. दारातच दहा फूट उंच, पाच फूट रुंद, दोन इंच जाड ब्राँझचा दरवाजा, त्यावर कोडं, ते सुटलं की आत जायचं. माझ्या लोकांनी कोडं वाचलंसुद्धा नाही. बिजागऱ्या उचकटल्या आणि म्हणाले हा गावात नेऊन वजनावर विकायचा, आत कशाला जायचं, पैसे तर इथेच आहेत! मी गडबडून सेशन तिथेच थांबवलं. पुढच्या शनिवारी काय करू? सरळ नाही म्हणू का?

उत्तर : अजिबात नाही म्हणू नकोस, विकू दे की. पण आधी जरा हिशोब कर. तुझ्या मापाचा ब्राँझचा दरवाजा दोन टनांच्या आसपास भरतो, म्हणजे साधारण साडेचार हजार पौंड. खेळाच्या पाचव्या एडिशनच्या नियमाने स्ट्रेंग्थ (कॅरेक्टरच्या ताकदीचा आकडा) १८ असलेला माणूस २७० पौंड अंगावर वाहून नेतो आणि ओढत न्यायचं तर त्याच्या दुप्पट, ५४०. चौघेही पैलवान असले तरी मिळून २१६० पौंड, निम्मासुद्धा हलत नाही. मग गाडी आली, खेचरं आली, ती भाड्याने देणारा आला, त्याने विचारलं एवढं काय न्यायचंय हो, की झाली बोंब गावभर. बघ, तुझं सेशन तयार झालं आणि तुला एक अक्षर नवीन लिहावं लागलं नाही.

आणि मुख्य गोष्ट राहिलीच. तो दरवाजा इतकी वर्षं बंद का होता? बाहेरच्यांना आत येऊ न देण्यासाठी, की आतल्याला बाहेर पडू न देण्यासाठी? आता तर तिथे नुसतं भोक आहे. तू देवळाच्या आत जे काय ठेवलं होतंस ते रात्री चालत गावात येऊ दे, प्लेयर्स खाटेवर पैसे मोजत बसलेले असताना. कोडंही फुकट जात नाही, गावचा लोहार दरवाजा वितळवायच्या आधी त्यावरची अक्षरं वाचतो आणि धावत यांच्याकडे येतो. तू ते कुठे ठेवलं होतंस हे प्लेयर्सना थोडंच माहितीये.

तुला वाटत असेल आपलंच नशीब फुटकं, पण हा खेळ जन्मलाच असल्या उचापतींतून. १९६९ मध्ये अमेरिकेत मिनेसोटातल्या ट्विन सिटीजमध्ये डेव्हिड वेस्लीने नेपोलियनच्या काळातला एक युद्धखेळ मांडला, ब्राउनश्टाइन नावाचं काल्पनिक जर्मन गाव, आणि सैन्याबरोबर गावातल्या लोकांच्या भूमिकाही प्लेयर्सना वाटल्या. लढाई राहिली बाजूला, लोक आपापसात कुजबुजायला लागले, कारस्थानं करायला लागले, दोघांनी तर थेट द्वंद्वयुद्ध लावलं ज्याचे नियमच वेस्लीकडे नव्हते. त्याला वाटलं पार फियास्को झाला. प्लेयर्स म्हणाले परत कधी? त्याच मंडळींतला डेव्ह आर्नेसन. तो पुढच्या एका खेळात सीआयएचं खोटं ओळखपत्र बनवून घेऊन आला आणि सगळ्यांना गुंडाळलं. याच आर्नेसनने पुढे ब्लॅकमूर नावाचं स्वतःचं जग चालवलं, आणि त्याने आणि गॅरी गायगॅक्सने मिळून १९७४ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्स काढला. म्हणजे तुझ्या दरवाजेचोरांचं खानदान मोठं आहे.

गायगॅक्सही यातून सुटला नाही. त्याने 'टूम्ब ऑफ हॉरर्स' म्हणून एक भयंकर थडगं लिहिलं होतं, पावलापावलावर सापळे. त्याचाच गडी रॉब कुंट्झ रोबिलार नावाचं कॅरेक्टर घेऊन आत गेला, पुढे ऑर्क नावाच्या राक्षसांची फौज घातली, सापळे त्यांच्यावर उडाले, आणि शेवटी थडग्याच्या मालकाची कवटी हवेत उठायला लागली तसा हा लढायच्या भानगडीत न पडता खजिना पिशवीत कोंबून पसार. गायगॅक्सने ते मान्य केलं, तू दरवाजा मान्य कर.

एकच सवय लाव, पुढच्या वेळी 'मग ते कोडं सोडवतील, मग आत जातील' असं लिहू नकोस. तिथे कोण आहे, त्याला काय हवंय आणि कोणी आलंच नाही तर तो काय करेल, एवढंच लिही. खपणं कमी आणि शनिवारी घाम पण कमी.

प्रश्न : आमच्यातला एक जण सगळे झोपले की आमच्याच पिशव्या साफ करतो. विचारलं तर म्हणतो माझं कॅरेक्टर चोर आहे, ते असंच वागणार. डीएम हसतो. मी चिडतो, तर मला म्हणतात स्पोर्टिंगली घे.

उत्तर : चिडतोस ते बरोबर आहे. वरच्या पत्रात दरवाजा काढला तेव्हा सगळे प्लेयर्स सामील होते, इथे एकटा हसतोय (आणि डीएम, त्याच्याशी वेगळं बोल). कॅरेक्टर असंच आहे म्हणे, अरे पण ते बनवलं कोणी? खेळात बदला घेत बसू नकोस, त्याची पिशवी कापलीस की दोन महिने तेच चालेल. फासे बाजूला ठेवून चहा घेताना सरळ बोला, की एकमेकांवर चोरी, हल्ला चालेल का, आणि सगळे हो म्हणाले तरच. खरं तर हे पहिल्या सेशनच्या आधीच ठरवायचं असतं.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगला आहे. माझा प्लॅन असा, दोन हजार शेतकरी रांगेत उभे करायचे, सगळ्यांनी रेडी ॲक्शन (आधी ठरवून ठेवलेली, वेळ येताच करायची कृती) घ्यायची आणि भाला हातोहात पुढे द्यायचा. एक राउंड, म्हणजे सगळ्यांची एकेक खेळी, सहा सेकंदांचा, म्हणजे भाला सहा सेकंदांत जवळजवळ दोन मैल जातो, त्या वेगाने ड्रॅगनला लागला तर खल्लास! डीएम ऐकत नाही. नियमात बसतं ना?

उत्तर : भाला पुढे जाण्यापुरते तुला नियम हवेत आणि लागण्यापुरतं फिजिक्स, असं कसं चालेल राजा? नियमाने गेलास तर शेवटचा शेतकरी भाला फेकणार आणि लागलाच तर डॅमेज, म्हणजे इजा, सहा बाजूंच्या एका फाशावर येईल तेवढंच. फिजिक्सने गेलास तर पहिल्या पन्नासातच कोणाचे तरी हात खांद्यातून निघतील. ही आयडिया इतकी जुनी आणि इतकी प्रसिद्ध आहे की २०२४ च्या डन्जन मास्टर्स गाइड या डीएमसाठीच्या अधिकृत पुस्तकात नियम म्हणजे फिजिक्स नव्हे असं सांगताना नेमकं रांगेतल्या लोकांच्या भाल्याचंच उदाहरण दिलंय. डीएमला ते पान दाखवू नकोस, खूश होईल.

तरी करायचंच असेल तर नियमांत अकुशल मजुराचा दर दिवसाला दोन सिल्व्हर, म्हणजे चांदीची नाणी, आहे. दोन हजार माणसांचे एका दिवसाचे ४०० गोल्ड, म्हणजे सोन्याची नाणी, आधी मोज.